रॉबेन बेटावरचे मास्तर

नेल्सन मंडेला हे नाव आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. २७ वर्षांचा तुरुंगवास, त्यांतली १८ वर्षे रॉबेन बेटावर. १९९० साली ते सुटले आणि त्याच वर्षी आपल्या देशाने त्यांना भारतरत्न दिले. १९९४ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. ही कथा आपण व्याख्यानांतून कितीतरी वेळा ऐकली आहे. परंतु मोठ्या माणसाच्या सावलीत उभी असलेली माणसे नजरेतून सुटतात. त्याच बेटावर, त्याच काळात, गणित शिकवणारे एक मास्तर होते. त्यांचे नाव सेडिक आयझॅक्स. ते स्वतः कैदी होते आणि कैद्यांनाच शिकवीत होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये केपटाऊन शहरात वयाच्या ७२ व्या वर्षी ते वारले.

आज त्यांची आठवण काढायची ती एवढ्यासाठी, की त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बंदिवासात दोन गोष्टी उभ्या केल्या, शाळा आणि मैदान. ज्या वस्तीत अभ्यासाला जागा नाही आणि खेळायला मैदान नाही, तिथल्या पोरांचे पुढे काय होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

शाळेतून तुरुंगात

केपटाऊन शहरात डोंगराच्या उतारावर बो-काप नावाची जुनी वस्ती आहे. डचांनी पूर्वेकडच्या देशांतून गुलाम आणि कैदी म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांची ही वस्ती. आयझॅक्स तिथले. विज्ञानाचे शिक्षण घेतले आणि ट्रॅफल्गर हायस्कूलमध्ये गणित व विज्ञानाचे शिक्षक म्हणून लागले. घरचा मुलगा मास्तर झाला म्हणजे घराला केवढा आधार होतो, हे आपल्या आयाबहिणींना माहीत आहे.

परंतु तो काळ वर्णभेदाचा होता. १९४८ पासून तिथल्या गोऱ्या सरकारने माणसांची जन्मावरून वाटणी केली होती. राहायची वस्ती वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा, समुद्रकिनारासुद्धा वेगळा. १९५३ साली कायदा करून काळ्या मुलांच्या शाळाही वेगळ्या केल्या. काळ्या मुलाला मजुरीपुरते शिक्षण पुरे, असा त्यामागचा हिशेब होता. गोऱ्यांची सेवा करायला बीजगणित कशाला लागते! मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल येथे निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसे मारली गेली. त्यानंतर काळ्यांच्या मोठ्या संघटनांवर बंदी आली.

१९६४ साली आयझॅक्स यांना सोबत्यांसह अटक झाली. ते स्फोटकांची चाचणी घेत होते. घातपाताच्या आरोपाखाली त्यांना १२ वर्षांची शिक्षा झाली. बॉम्बचा मार्ग आपला नाही. आपण सनदशीर मार्गाने चालणारी माणसे आहोत. पण आपल्या हातात मताचा अधिकार आहे, राज्यघटना आहे. त्या देशात बहुसंख्य माणसांना मतच नव्हते. हा फरक ध्यानात ठेवूनच त्या तरुणांकडे पाहिले पाहिजे. वयाच्या २४ व्या वर्षी एक मास्तर आपला वर्ग सोडून बेटावर गेला.

जन्मावरून विजार, जन्मावरून भाकर

रॉबेन बेट केपटाऊनसमोर समुद्रात आहे. किनाऱ्यावरून दिसते, पण पोहून पार करणे फार अवघड, इतके थंड पाणी. १९६१ पासून तिथे राजकीय कैदी ठेवू लागले. चुन्याच्या आणि दगडाच्या खाणीत काम. उन्हात चुन्याची पांढरी झळ डोळ्यांवर येऊन कित्येकांची नजर अधू झाली.

तुरुंगातही वर्णभेद होताच. भारतीय वंशाच्या आणि मिश्रवर्णीय कैद्यांना लांब विजार, तर आफ्रिकन कैद्यांना आखूड चड्डी. म्हणजे पन्नाशीच्या माणसालासुद्धा पोरासारखे चड्डीवर उभे करायचे. जेवणाचेही तेच. एकाला पाव मिळे, दुसऱ्याला मिळत नसे. गुन्हा सारखा, खाण सारखी, पण ताटातली भाकर जन्म पाहून. कैद्यांना कैद्यांपासून तोडण्याची ही सरकारी युक्ती होती. या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेची ओळख आपल्याला वेगळी करून द्यायला नको.

आणि आपल्याकडचे तुरुंग काय वेगळे होते? झाडूकाम कुणी करायचे आणि स्वयंपाक कुणी करायचा, हे जात पाहून ठरवणारी कलमे अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलीत होती. एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ही कलमे घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. स्वातंत्र्याला ७७ वर्षे झाल्यावर!

घर किती लांब

बेटावरच्या कैद्याला सर्वांत जास्त छळ कशाचा झाला असेल, तर घराच्या आठवणीचा. सर्वांत खालच्या दर्जाच्या कैद्याला ६ महिन्यांत एक पत्र मिळे आणि एक लिहिता येई, तेही ५०० शब्दांचे. पत्रात अधिकाऱ्यांना न रुचणारा मजकूर असला तर तो खोडत किंवा कात्रीने कापून काढत. हातात येई तो भोके पडलेला कागद. भेट ६ महिन्यांतून एक, ३० मिनिटांची, मध्ये पहारेकरी. जोहान्सबर्गहून केपटाऊन सुमारे १४०० किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईहून दिल्ली. एवढा प्रवास करून, पुढे बोटीत बसून बायकोने यायचे आणि अर्ध्या तासात परत फिरायचे.

त्याहून कठोर नियम मुलांबाबत होता. २ वर्षांवरील आणि १६ वर्षांखालील मुलाला भेटीला आणायची परवानगी नव्हती. ३ वर्षांची लेक घरी सोडून आलेल्या बापाला ती पुन्हा दिसायची ती वयात आल्यावर. बाप तिला ओळखायचा कसा?

आता विचार करा. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याचे काय? बेटावर खेड्यापाड्यांतून आलेले असे कितीतरी कैदी होते. बायकोचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, मनातले दुसऱ्याला सांगून लिहून घ्यायचे. नवरा-बायकोतले शब्दसुद्धा आपले राहत नाहीत. अशा माणसाला अक्षर शिकवणे म्हणजे त्याचे घर त्याला परत मिळवून देणे होते. तुरुंगातल्या मास्तरचे पहिले काम हे होते.

वाळूचा फळा

बेटावर शाळेची इमारत नव्हती. खाणीत काम करता करता एक जण बोले, बाकीचे ऐकत. वाळूत काडीने अक्षर काढायचे, गणित मांडायचे, पहारेकरी जवळ आला की पायाने पुसायचे. सिमेंटच्या पिशव्यांचा कागद वहीसाठी जपून ठेवायचा. ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवायचे, हा तिथला अलिखित कायदा. आयझॅक्स गणित आणि विज्ञान शिकवीत. इतिहास शिकवणारे वेगळे, इंग्रजी शिकवणारे वेगळे. पुढे पत्रद्वारे परीक्षा देण्याची परवानगी मिळाली. पण ती सवलत म्हणून होती, हक्क म्हणून नव्हे. जरा खट्टू झाले की अधिकारी ती काढून घेत. तुरुंगात ही सर्वांत जिव्हारी लागणारी शिक्षा समजली जाई.

या शाळेतून कोण निघाले पाहा. डिकगांग मोसेनेके नावाचा मुलगा १५ व्या वर्षी १० वर्षांची शिक्षा घेऊन बेटावर आला. तिथेच तो मॅट्रिक झाला, तिथेच बी. ए. झाला. सुटल्यावर वकील झाला आणि २००५ ते २०१६ या काळात दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयात उपसरन्यायाधीश होता. गुजरातेतून गेलेल्या कुटुंबातले अहमद कथराडा यांनी तुरुंगात राहून चार पदव्या मिळवल्या. बेटाला लोक ‘विद्यापीठ’ म्हणत, ते उगाच नव्हे. पहारेकरी पुष्कळदा अर्धशिक्षित गोरे तरुण असत. त्यांच्यापैकी काहींना परीक्षेच्या अभ्यासात कैद्यांनीच मदत केली.

चेंडू मागितला म्हणून जेवण तोडले

शनिवार-रविवार खाणीचे काम बंद असे. मग कोठडीत बसून राहायचे. रिकामा वेळ माणसाला आतून खातो. काम सुटलेला गिरणी कामगार पाहिला आहे, त्याला हे पटेल. कैदी कोठडीतच कागद आणि चिंध्या बांधून चेंडू करीत आणि लपूनछपून खेळत. मग त्यांनी रीतसर मागणी केली, आम्हाला फुटबॉल खेळू द्या.

उत्तर म्हणून शिक्षा मिळाली, मागणाऱ्यांचे जेवण तोडले गेले. तरी पुढच्या वेळी दुसरा उठून तीच मागणी करी. हे सुमारे ३ वर्षे चालले. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे लोक तपासणीला येत, त्यांच्याकडेही तक्रार गेली. अखेर १९६७ च्या शेवटी परवानगी मिळाली. कैद्यांनी स्वतः मैदान सपाट केले. किनाऱ्याला लागलेल्या मासेमारीच्या जाळ्यांची गोलाला जाळी केली. पैसे जमवून बूट आणि बनियन मागवले. मंडेला आणि त्यांचे निकटचे सहकारी वेगळ्या विभागात ठेवलेले होते. त्यांना मात्र खेळायला कधी येऊ दिले नाही.

१९६९ साली कैद्यांनी ‘मकाना फुटबॉल असोसिएशन’ स्थापन केली. मकाना हा खोसा लोकांचा पुढारी. १८१९ साली इंग्रजांविरुद्ध लढला म्हणून त्याला याच बेटावर डांबले आणि पळून जाताना तो समुद्रात बुडाला. कैद्यांनी आपल्या संघटनेला हरलेल्या पण न वाकलेल्या माणसाचे नाव दिले.

सत्तर खोकी कागद

प्रस्तुत लेखक कचेरीत फायली सांभाळणारा माणूस आहे, म्हणून मला या सगळ्यात अधिक भावलेली गोष्ट सांगतो. या फुटबॉल संघटनेचे कागद आजही जपून ठेवलेले आहेत. १९९० नंतर ते केपटाऊनजवळच्या वेस्टर्न केप विद्यापीठात आले. अमेरिकन इतिहासकार चक कॉर यांच्या हाती ते पडले, तेव्हा सुमारे ७० खोकी भरली होती!

काय होते त्यात? सभेची इतिवृत्ते, सामन्यांचे वेळापत्रक, पंचांचे अहवाल, तक्रारी, अपिले, निकाल. एका कोठडीतला कैदी भिंतीपलीकडच्या कैद्याला ‘महाशय’ असे संबोधून रीतसर पत्र लिहितो आणि त्याला रीतसर उत्तर येते. जागतिक फुटबॉल संघटना ‘फिफा’च्या नियमांचे पुस्तक तुरुंगाच्या ग्रंथालयात होते, त्याच्या आधाराने खेळ चाले. पंचांची वेगळी संघटना होती. शिस्त समिती होती, तिच्या निर्णयावर अपील करता येई.

काही जण म्हणतील, चेंडू लाथाडायला एवढे कागद कशाला? त्याचे उत्तर १९७० च्या एका भांडणात आहे. नामांकित खेळाडूंचा एक संघ वादग्रस्त गोलामुळे कमजोर समजल्या जाणाऱ्या संघाकडून हरला. त्यांची तक्रार मान्य झाली नाही, तेव्हा ते निषेध म्हणून मैदानात आडवे झाले आणि सामना होऊ देईनात. मारामारी करून प्रश्न मिटवता आला असता. तसे झाले नाही. कित्येक महिने सुनावण्या चालल्या. दोन्ही बाजूंनी कैदीच वकील झाले, साक्षी झाल्या, लेखी म्हणणे मांडले गेले. ज्यांना बाहेरच्या न्यायालयाने न्याय दिला नाही, त्यांनी आपल्यापुरते न्यायाचे घर उभारले. पुढे त्यांच्यातलाच एक जण देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसला. तोच मोसेनेके या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता.

दुबळ्यालाही संघ

आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. संघटनेने तीन श्रेणी केल्या होत्या, अ, ब आणि क. चांगला खेळणारा ‘अ’ मध्ये, जेमतेम खेळणारा ‘क’ मध्ये. म्हणजे ज्याला चेंडूला नीट पाय लावता येत नाही, त्यालाही बनियन मिळाले आणि सामना मिळाला. कपाटात ठेवायला ढाली आणाव्यात म्हणून ही संघटना नव्हती. प्रत्येक माणूस माणूस राहावा म्हणून ती होती.

फुटबॉलखेरीज इतर खेळही आले. उन्हाळी क्रीडास्पर्धा भरू लागल्या, हाताने काढलेली प्रमाणपत्रे विजेत्यांना मिळू लागली. या स्पर्धांच्या आयोजनात आयझॅक्स मास्तर पुढे असत. गणिताच्या शिक्षकाला वेळापत्रक आणि गुणांचे कोष्टक शिकवावे लागत नाही.

आणि गटबाजी? तीही होती. बेटावर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे लोक होते आणि त्यांच्यातून फुटून निघालेल्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचेही होते. दोघांचे पटत नसे. सुरुवातीला संघही पक्षांप्रमाणे झाले. मग मनाँग नावाच्या एका संघाने ठरवले, आमच्याकडे पक्ष विचारायचा नाही, खेळ बघायचा. हळूहळू वेगवेगळ्या पक्षांची माणसे एका मैदानात, एका समितीत बसू लागली. मतभेद संपले नाहीत, पण बोलणे सुरू झाले. एकाच विचाराच्या माणसांनी वेगळ्या वेगळ्या पाट्या लावून एकमेकांकडे पाठ फिरवण्याचा प्रकार आपल्यालाही नवा नाही.

सुटकेनंतर

आयझॅक्स १९७७ साली सुटले. १२ वर्षांची शिक्षा, पण बेटावर त्याहून अधिक काळ गेला. सुटल्यावरही सरकारने त्यांच्यावर बंदी-हुकूम बजावला. बंदी-हुकूम लागलेल्या माणसाला सभेला जाता येत नसे, त्याचे म्हणणे छापता येत नसे. आणि शाळेत शिकवायला जाणेही बंद असे. ज्याने वाळूवर गणित शिकवले, त्याला बाहेर आल्यावर खडू हातात घेण्याची सोय उरली नाही.

तरी तो माणूस थांबला नाही. पुढे त्यांनी केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात काम केले आणि वैद्यकीय माहितीशास्त्र या नव्या विषयात नाव मिळवले. रोग्यांच्या नोंदी नीट ठेवणे, त्यांतून अर्थ काढणे, हा तो विषय. तुरुंगात वह्या सांभाळणारा हात पुढे रुग्णालयाच्या नोंदींना उपयोगी पडला. उशिरा का होईना, लग्न झाले, मुले झाली. ज्या माणसाची ऐन तारुण्यातली वर्षे घराबाहेर गेली, त्याने संसाराची किंमत आणखी कुणाकडून शिकायची?

१८ जुलै २००७ रोजी, मंडेलांच्या ८९ व्या वाढदिवशी, ‘फिफा’ने मकाना फुटबॉल असोसिएशनला मानाचे सभासदत्व दिले. त्याच वर्षी या कैद्यांवर एक चित्रपट निघाला. त्यात ज्या पाच जणांची कथा आहे, त्यांत आयझॅक्स आहेत. २०१० साली त्यांनी आपल्या तुरुंगातल्या दिवसांचे पुस्तक लिहिले आणि दोन वर्षांनी ते गेले.

आपल्या मंडळाच्या वहीत काय आहे?

वाचकहो, रॉबेन बेट लांब आहे, पण तुरुंग लांब नाही. २०२२ च्या अखेरीस आपल्या देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यांतली चारात तीन माणसे कच्चे कैदी होती, म्हणजे गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. अनुसूचित जातींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याहून अधिक आहे. कुणाच्या तरी घरातला मुलगा आत आहे, घरचे लोक शेजाऱ्यांना सांगतात, तो गावाला गेलाय. ही घरे आपल्याच गल्लीत आहेत. त्यांच्याकडे लग्नाचे आमंत्रण देण्याचे आपण टाळतो आणि दुसरीकडे मंडेलांच्या तसबिरीला हार घालतो.

आपल्याकडेही तुरुंगात शिकण्याची सोय आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यास केंद्रे महाराष्ट्रातल्या कारागृहांत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये येरवड्याच्या कैद्यांनी जगभरच्या कैद्यांच्या बुद्धिबळ स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. म्हणजे बुद्धीची आणि जिद्दीची वाण आतही नाही. वाण आहे ती सुटून आलेल्या पोराला बाहेर जवळ करणाऱ्यांची. त्याने वस्तीत पाऊल ठेवल्यावर त्याला कोणत्या संघात घ्यायचे, हे तुरुंगाचा अधिकारी ठरवत नाही, आपण ठरवतो.

आणि आत जाण्याआधीचे काय? वस्तीतली बहुतेक मंडळे जयंतीच्या महिन्यात जागी होतात. वर्गणीची पावती असते, पण हिशेबाची वही सापडत नाही. कबड्डीचा संघ असतो, त्यात तीच सात पोरे वर्षानुवर्षे खेळतात, बाकीची कट्ट्यावर बसून टाळ्या वाजवतात. त्या कट्ट्यावरूनच पुढे वाट चुकते. ‘ब’ संघ आणि ‘क’ संघ काढायला किती खर्च येतो? भांडण झाले तर दोघांचे ऐकून घ्यायला, निकाल वहीत लिहून ठेवायला काय लागते? ज्याला दहावीचे गणित येते, त्याने आठवीच्या दोन पोरांना संध्याकाळी तासभर घेऊन बसायला कुणाची परवानगी लागते? बेटावरच्या माणसांना यांतल्या प्रत्येक गोष्टीसाठी उपाशी राहावे लागले होते.

येत्या रविवारी मंडळाची सभा असेल, तर एक शंभर पानी वही विकत घ्या. पहिल्या पानावर तारीख घाला आणि हजर असलेल्यांची नावे लिहा. दुसऱ्या पानावर वस्तीतल्या प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे नाव लिहा आणि समोर कोणत्या संघात, कोणाकडे अभ्यासाला, ते लिहा. गेल्या महिन्यात जो सुटून आला आहे, त्याचेही नाव त्याच पानावर येऊ द्या. कोणतेही नाव संघाविना राहता कामा नये.